दुखलं तर सांगत नाही

मेलबर्नच्या मराठी मंडळात माझी ओळख 'हे फुटबॉलमध्ये आहेत' अशी करून दिली जाते आणि समोरचा माणूस आधी माझ्या पोटाकडे बघतो. मग मी सांगतो की मी खेळत नव्हतो, खेळणारी मुलं निवडायच्या खात्यात होतो. 'म्हणजे सिलेक्टर?' तसंही नाही. 'मग?' तेवढ्यात जेवणाची रांग लागते आणि माझी सुटका होते. या वेळी मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी लिहूनच मागितलं, त्यामुळे सुटका नाही. गमतीदार किस्से लिहा म्हणाले. किस्से आहेत, पण लिहायला बसलो की मला ल्यूकच आठवतो. त्याला क्लबमध्ये आणखी एक वर्ष मिळावं म्हणून मी थोडी खटपट केली होती. ती जमली नाही. तेवढंच लिहितो.

आधी धंदा समजावून सांगतो. इथला फुटबॉल, लोकांच्या तोंडी 'फुटी', म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू, लंबगोल मैदान, हात-पाय दोन्ही वापरायचे, आणि एकमेकांना आडवं पाडणं हा खेळाचाच भाग. दर वर्षी हंगाम संपला की देशभरातली सतरा-अठरा वर्षांची चांगली पोरं क्लबांमध्ये वाटली जातात. याला ड्राफ्ट म्हणतात. आपल्याकडे नापास झालेल्याला मागच्या बाकावर बसवतात. इथे जो संघ तळाला, त्याला पहिला घास. मुलाला कुणी विचारत नाही. पर्थच्या मुलाचं नाव मेलबर्नच्या क्लबने पुकारलं की त्याने बॅग भरायची. आणि वरची निवड चुकली की क्लब पुढची कित्येक वर्षं तळालाच बसतो. आमच्या क्लबचं नाव सांगणार नाही, पण तळ आमच्या चांगल्या ओळखीचा होता.

मी इथे कसा पोचलो, तर चिंचवडच्या कारखान्यातून. तिथे गिअर तपासायचो. एखादा भाग सदोष निघाला की तो कुठल्या मशीनवर, कुठल्या शिफ्टला तयार झाला ते हुडकून काढायचं हे माझं काम. स्किल्ड व्हिसावर आलो, वर्षभर धक्के खाल्ले, आणि क्लबच्या कम्प्युटरवर खेळाडूंची माहिती भरायचं अर्धवेळ काम मिळालं. त्याचं पूर्णवेळ झालं. व्हिडिओ बघायचे, मुलगा कुठल्या पायाने किती लांब मारतो, दमल्यावर काय करतो, ते नोंदवायचं. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, मी त्यात चांगलाही होतो.

आमच्या खात्याचा प्रमुख टेरी. पूर्वी शाळेत पीटीचा मास्तर होता. हिवाळ्यातही हाफ पँट घालायचा आणि खिमा भरलेली मीट-पाय खात खात गाडी चालवायचा. त्याचं म्हणणं असं की व्हिडिओ फसवतो, स्वयंपाकघर फसवत नाही. म्हणून निवडीआधी तो प्रत्येक मुलाच्या घरी जायचा आणि दिवाणखान्यात बसायला नकार द्यायचा. स्वयंपाकघरातल्या टेबलाशीच बसायचं, ही त्याची पद्धत. आईशी पोरगा कसा बोलतो, कप कोण विसळतं, ते बघायचं.

पहिल्यांदा त्याच्याबरोबर गेलो तेव्हा मला हसू आवरेना. हा तर आपला बघायचा कार्यक्रम. पोराला घासूनपुसून बसवलेलं, आईने केक भाजलेला, बाप पावसापाण्याच्या गप्पा मारतोय आणि सगळ्यांना ठाऊक की आलेली माणसं पसंती कळवणार ती घरी गेल्यावर. लग्नाआधी पुण्यात असे पाच कार्यक्रम मी चहा-पोह्यांसकट पार पाडले होते. टेरीला हे सांगितलं तर तो इतका खूश झाला की दर घरात शेवटचा प्रश्न विचारायचा मान त्याने मला देऊन टाकला.

माझा प्रश्न ठरलेला असे: 'लहानपणी पडला-झडला, लागलं, तर काय करायचा?' यामागे माझं म्हणून एक शास्त्र होतं, आणि ते शास्त्र शंभर टक्के आमच्या घरचं होतं. आमच्या घरी मुलाचं सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे 'याचा काही म्हणून त्रास नाही.' पानात पडेल ते खातो, पाहुण्यांसमोर रडत नाही, दुखलं-खुपलं अंगावर काढतो. दहावीचा पेपर मी फणफणत्या तापात दिला होता आणि आईने ते नातेवाईकांत वर्षभर पुरवून पुरवून सांगितलं होतं. सोशिक मूल हे चांगलं मूल, याबद्दल मला कधी शंकाच आली नाही. टेरीला प्रश्न पटला. क्लबलाही पटला. 'अ‍ॅवचा प्रश्न' म्हणून तो खात्यात रूढच झाला; माझ्या नावाचं क्लबात तेवढंच उरलं होतं.

ल्यूकचं गाव साउथ ऑस्ट्रेलियातलं, नदीकाठचं, संत्र्यांच्या बागांचं. वडील फळांच्या पॅकिंग शेडमध्ये, आई शॅरन शाळेची बस चालवायची. मुलगा उंच, लाजरा, कान लाल झालेले. त्याचा खेळ बघून मला चिंचवडला बिनचूक गिअर हातात आल्यावर वाटायचं तसं वाटे. कप त्यानेच विसळले. टेरीने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला.

शेवटी मी माझा प्रश्न विचारला. शॅरन हसली. म्हणाली, "हा? हा दुखलं तर सांगतच नाही. आठ वर्षांचा असताना झाडावरून पडला शनिवारी. सोमवारी शाळेतल्या बाईंचा फोन, की याला हात वर करता येत नाहीये. कॉलरबोन मोडलेलं. दोन दिवस आमच्याबरोबर जेवला, टीव्ही बघितला, एक अक्षर नाही."

आम्ही सगळे हसलो. ल्यूकसुद्धा. शॅरनचा चेहरा अभिमानाने फुलला होता आणि मला माझी आई आठवली. त्या टेबलाशी बसलेल्या एकालाही त्या गोष्टीत काही वाईट दिसलं नाही. गाडीत बसल्यावर टेरी म्हणाला, "मेट, हाच." मी म्हटलं, हाच.

दुसरा एक मुलगा होता, मेलबर्नचाच. खेळात ल्यूकच्या तोडीस तोड. त्याच्या घरी गेलो तर हा सोफ्यावर पाय पसरून, पायावर बर्फाची पिशवी. घोटा जरा कुरकुरतोय म्हणून सरावाला गेला नव्हता. माझ्या प्रश्नाला त्याची आई म्हणाली, "हा? बोटाला कागद कापला तरी घर डोक्यावर घेतो." कप तसेच पडलेले. परत येताना टेरीने तोंड वाकडं केलं आणि मी त्याला दुजोरा दिला. आमच्याकडे असल्या पोराला नाटकी म्हणतात.

ड्राफ्टच्या दिवशी आमच्या क्लबने ल्यूकचं नाव पुकारलं. लगेच पुढच्या क्लबने त्या नाटक्याला घेतलं.

तो काळ इथे आपल्या विद्यार्थ्यांच्या लोंढ्याचा. कुकिंग नि हेअरड्रेसिंगच्या कोर्सला पंजाबपासून सांगली-साताऱ्यापर्यंतची पोरं येत होती. मी शहराच्या कडेला, ट्रुगानिनात नवं घर घेतलं होतं. समोर अजून काटेरी गवत, आणि शेजारच्या घरात सहा विद्यार्थी दोन बेडरूममध्ये. क्लबच्या मार्केटिंगवाल्यांनी मला बोलावून सांगितलं, "तुझ्या लोकांना मॅचला आण." फुकट तिकिटं दिली. मी शेजारच्या सहाही जणांना घेऊन गेलो. ल्यूकचा पहिला हंगाम होता आणि तो असा काही खेळला की त्या पोरांनी खेळाचा एकही नियम न कळता आमच्या रंगाचे मफलर विकत घेतले. मीही उगाच कॉलर ताठ करून फिरलो.

दुसऱ्या हंगामात त्याचा वेग थोडा कमी झाला. मला व्हिडिओत दिसलं की तो डाव्या पायावर वळताना अर्धं पाऊल जास्त टाकतोय. मी फिजिओला कळवलं. फिजिओने विचारलं. ल्यूक म्हणाला, "ऑल गुड." डॉक्टरांनी विचारलं. ऑल गुड. कोचने विचारलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, असे दहा मला द्या. खरं म्हणजे पावलाच्या मधल्या एका लहानशा हाडाला चीर गेली होती. त्या चिरेवर तो आठवडेच्या आठवडे खेळत राहिला. मग एका सामन्यात कुणी धक्काही न मारता तो खाली बसला आणि उठला नाही. हाड दुभंगलं होतं. वेळेवर सांगितलं असतं तर प्लास्टर आणि विश्रांती, असं सर्जन म्हणाले. आता स्क्रू, मग पुन्हा दुसरं ऑपरेशन, आणि तरी पूर्वीचा पाय परत येईलच असं नाही.

त्या नाटक्याचं काय झालं म्हणाल, तर त्याच्या कुरकुरीमुळे फिजिओ सतत त्याच्या मागे असायचे. त्यामुळे त्याला मोठी दुखापत झालीच नाही. तो एकेक सामना गाजवत सुटला. दर सोमवारी पेपरात दोघांचे फोटो शेजारी शेजारी, आणि खाली प्रश्न की ही निवड केली कुणी.

माझी लेक सई तेव्हा प्रायमरीत होती. एकदा डबा उघडा टाकून म्हणाली, "बाबा, डिड यू पिक द डड?"

मी विचारलं, "कोण म्हणालं?"

"एव्हरीवन. माय टीचर ऑल्सो."

"तो फुसका नाही गं. पाय मोडलाय त्याचा."

"देन व्हाय डिडन्ट ही टेल?" ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता खेळायला गेली.

अ‍ॅडलेडहून एका दुपारी परतलो तर विमानतळावर मिळालेला टॅक्सीवाला मिरजेचा निघाला. हॉस्पिटॅलिटीचा विद्यार्थी. क्लबचं जॅकेट बघून म्हणाला, "काका, तुम्ही फुटीवाले? आमचं कॉलेज म्हणजे दुकानाच्या वर दोन खोल्या, पण ल्यूकला शिव्या द्यायला आम्ही पण शिकलोय. शनिवारी पॅसेंजर बसला की दार लावायच्या आधी सुरू. मी आपलं म्हणतो, येस मेट, हॉपलेस मेट. टिप मिळते." मग आरशातून माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "पण काका, निवडणाऱ्याला कोण काय बोलत नाही का?" मी म्हटलं, बोलतात. घर येईपर्यंत आम्ही मग मिरजेबद्दलच बोललो. पुढे त्याच्या कॉलेजसारख्या काही कॉलेजांना टाळं लागलं आणि पोरं रस्त्यावर आली. तिथेही त्यांना निवडणारे-आणणारे एजंट कुठे गेले ते कुणाला सापडलं नाही.

तिसरा हंगाम ल्यूकने जवळजवळ पूर्ण बाहेर बसून काढला. क्लबमध्ये नवे चीफ एक्झिक्युटिव्ह आले होते. त्यांच्या तोंडी अकाउंटेबिलिटी हा शब्द सारखा असे. हंगाम संपल्यावर त्यांनी ड्राफ्टच्या अपयशाचा आढावा घ्यायला बैठक बोलावली. ल्यूकचा करार तेव्हाच संपत होता. सर्जनचं मत होतं की आणखी एक पूर्ण वर्ष दिलं तर पाय सावरायची बरी शक्यता आहे. ते एक वर्ष त्याला मिळणार की नाही, हे त्या खोलीत ठरणार होतं.

बैठकीत एकेक जण बोलला. कोच म्हणाले, मला जो खेळाडू मिळतो त्याला मी खेळवतो. डॉक्टर म्हणाले, त्याने त्रास सांगितलाच नाही, तशी नोंद आहे. फिजिओ तेच म्हणाला. कुणीही खोटं बोललं नाही, आणि त्याचाच मला फार त्रास झाला. टेरी एवढंच म्हणाला, "मी निवडला. खातं माझं आहे."

मग मी तोंड उघडलं. चिंचवडची सवय. म्हणालो, दोष कुठल्या टप्प्यावर शिरला ते मला माहीत आहे. हा मुलगा दुखणं लपवतो हे आम्हाला निवडीआधी माहीत होतं. त्याच्या आईने सांगितलं होतं. त्यालाच आम्ही गुण समजलो, आणि तो प्रश्न माझा होता. तो जसा होता तसाच आम्ही त्याला घेतला आणि तसाच तो वागला. चूक आपली आहे, तर एक वर्षाचा भार आपण उचलू या.

चीफ एक्झिक्युटिव्ह माझ्याकडे बघून अगदी प्रेमाने हसले. "नो वरीज, अ‍ॅव. तुला कुणी दोष देत नाहीये."

"पण मी देतोय," मी म्हटलं. "आणि त्याला ते वर्ष मिळावं म्हणून देतोय."

ते म्हणाले, "हे बघ, चूक झाली हे आपल्याला मान्य करायचंय. सभासदांना तेच हवंय. मग आणखी एक वर्ष कसं देणार? ते दिलं तर आपण चूक मान्य केलीच नाही असा अर्थ होईल."

मला समजायला वेळ लागला. क्लब चूक कबूल करणार होता आणि कबूल करायची रीत म्हणजे ल्यूकला काढून टाकणं. त्याला ठेवला असता तर निवड बरोबर होती असा हट्ट ठरला असता. मी आजूबाजूला बघितलं. सगळे माना डोलावत होते. टेरीने बैठकीतच राजीनामा दिला आणि त्यांनी तो लगेच घेतला.

पार्किंगमध्ये टेरी म्हणाला, "तू गप्प राहायचंस, मेट. ट्रुगानिनाचं कर्ज आहे तुला."

मी म्हटलं, "माझं कुणी ऐकलं तरी का?"

"तेच तर. ऐकलं असतं तर तूही गेला असतास," तो म्हणाला आणि गाडीत बसला. तो परत कुठल्या क्लबात लागला नाही. मी मात्र पुढे कितीतरी वर्षं तिथेच होतो. बढतीसुद्धा मिळाली.

दुसऱ्या आठवड्यात सभासदांना पत्र गेलं: निवडीतल्या चुकांची पूर्ण जबाबदारी क्लब स्वीकारत आहे. त्याच्याच खाली, पुढच्या ओळीत, काढून टाकलेल्या खेळाडूंमध्ये ल्यूकचं नाव.

काढलेल्या खेळाडूने जाताना सगळ्यांशी हस्तांदोलन करायचं, अशी या खेळात रीत आहे. स्वयंपाक करणाऱ्या बाईपासून अध्यक्षांपर्यंत. ल्यूक माझ्या टेबलाशी आला. एकवीस वर्षांचा होता. कान तसेच लाल. म्हणाला, "सॉरी, अ‍ॅव. टेरीला माझ्यामुळे जावं लागलं. तुम्ही मला निवडलंत आणि मी तुम्हाला तोंडघशी पाडलं."

मी म्हणालो, "तू काही केलं नाहीस. पाय कसा आहे? खरं सांग."

"ऑल गुड," तो म्हणाला.

मग तो जिन्याने खाली गेला. कठडा धरून, एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत, माझे वडील गुडघे गेल्यावर उतरायचे तसा. वरून दिसत होतं. मला तेव्हा ओरडून सांगावंसं वाटलं की अरे, दुखतंय म्हण, एकदा तरी म्हण. मी सांगितलं नाही. संबंध मजला बघत होता आणि चारचौघांत आरडाओरडा न करणं हेही माझ्या अंगात मुरलेलं.

त्यानंतर घरी मी एक गोष्ट बदलली. सई पडली की मी लगेच धावायचो, कुठे दुखतंय ते तीनतीनदा विचारायचो. बायको म्हणायची, रडवतोस पोरीला. असू दे. आता ती नोकरी करते आणि बारीक सर्दी झाली तरी मला फोन करते. याव्यतिरिक्त या धंद्याने मला काय शिकवलं, ते मला सांगता येणार नाही.

मागच्या वर्षी मी रिटायर झालो तेव्हा शॅरनचा फोन आला. नंबर टेरीने दिला होता. ल्यूक आता त्याच पॅकिंग शेडमध्ये आहे, फोर्कलिफ्ट चालवतो, म्हणजे फार उभं राहावं लागत नाही. त्याला मुलगी आहे. पाय थंडीत ठणकतो असं तिला वाटतं, पण तो काही बोलत नाही. माझं अभिनंदन करायला फोन केलाय म्हणाली. संत्री पाठवू का, असंही विचारलं.

मग ती म्हणाली, "एक विचारायचं होतं. तुम्ही आलात त्या दिवशी मी ते कॉलरबोनचं सांगितलं ना? मला वाटलं होतं तुम्हाला आवडेल. तुम्ही त्याला घ्यावं म्हणून मुद्दाम सांगितलं मी. नको होतं ना सांगायला?"

इतकी वर्षं ती हे मनात धरून बसली होती. पत्रातून जबाबदारी स्वीकारणारा क्लब नव्या स्टेडियमच्या गडबडीत होता, आणि ही बाई शाळेची बस चालवता चालवता त्या एका गोष्टीचा हिशेब करत होती.

मी म्हणालो, "नाही शॅरन. मी विचारलं त्याचं तू उत्तर दिलंस. प्रश्न माझा होता. चूक माझी आहे."

"छे रे," ती म्हणाली. "तू फक्त विचारलंस."

मी पुन्हा सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, तू फार चांगला माणूस आहेस, मनाला लावून घेऊ नकोस. मग तिने संत्र्यांसाठी माझा पत्ता लिहून घेतला.